तळहात वर करायला शीक

कळंब, ता. वसई
कार्तिक वद्य त्रयोदशी

प्रिय लेकी,


तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर आधीच द्यायला हवं होतं, पण हे पत्र मला कुणाला सांगून लिहवायचं नव्हतं, माझ्या उजव्या हातानं लिहायचं होतं. सध्या एका बैठकीत वीस मिनिटंच पेन धरायची परवानगी आहे, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी पुरं झालं. पहिल्या पानावरचं अक्षर थरथरलेलं दिसेल, पुढे थोडं सावरलेलं. ते तसंच राहू दिलं आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. श्रावणापासून माझ्या सदरातली वाक्यं एकाएकी आखूड का झाली, ही पहिली. आणि नालासोपाऱ्यातली नोकरी सोडून तू पूर्णवेळ लेखन-भाषांतर करावंस का, ही दुसरी. दोन्हींचं उत्तर माझ्या मनगटापाशी येऊन मिळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडले. आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला बावखल आहे. तू इमारतीत वाढलीस म्हणून सांगते, बावखल म्हणजे जुन्या माणसांनी वाडीत खोदून ठेवलेलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्र एवढा जवळ असूनही विहिरीचं पाणी गोडं राहतं. वसईच्या केळीच्या, फुलांच्या, पानवेलीच्या वाड्या या पाण्यावर जगल्या. त्या दिवशी पाऊस जरा उघडला होता, बावखल काठोकाठ भरलं होतं आणि मी ते बघायला गेले. काठच्या दगडावर शेवाळ होतं. पाय सटकला. पडताना माणूस विचार करत नाही, हात आपसूक पुढे जातो. माझा उजवा गेला, आणि सगळा भार त्या तळहातावर आला.

दुखायला लागायच्या आधी मला दिसलं की मनगटाचा आकार बदलला आहे. जेवणाच्या काट्याला असतो तसा बाक आला होता. मनगटाजवळचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलं की असंच दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यविशारदानं १८१४ साली या मोडीचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे त्यानं हे सगळं नजरेनं आणि बोटांनी चाचपून ओळखलं होतं. आजही डॉक्टर ही मोड त्याच्याच नावानं ओळखतात. हात पुढे टेकून पडलेल्या, पाळी थांबून काही वर्षं झालेल्या बायकांमध्ये ती फार दिसते, कारण त्या वयात हाडं विरळ होत जातात. म्हणून एक काम तुला आत्ताच सांगते. तुझ्या आईनं पन्नाशी ओलांडली असेल, तर तिला हाडांची घनता मोजायची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारायला लाव. मी ती कधी केली नव्हती. चौसष्टाव्या वर्षी पडल्यावर केली.

घरी लोक जमले. कुणी म्हणालं, हाडवैद्याकडे नेऊ, तेलानं चोळून बसवेल. सल्ला मायेचा होता, तरी तो घेऊ नये. ताजं मोडलेलं हाड चोळायचं नसतं. घट्ट आवळलेल्या पट्टीनं रक्त अडून हात कायमचा जाऊ शकतो. मी वसईत अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. भूल देऊन हाड ओढून जागेवर बसवलं आणि कोपराखालपासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. निघताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. हात छातीच्या वर उंचावून ठेवायचा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं तर रात्र असली तरी यायचं. आणि बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे. प्लास्टर मनगटाला असतं, पण भीतीनं माणूस सगळाच हात मिटून बसतो आणि मग खांदाही धरतो.

तो श्रावण होता, हे ध्यानात घे. मराठीत लिहून पोट भरणाऱ्यांचा हंगाम तोच असतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे शेतकऱ्याची सुगी दिवाळीच्या सुमारास आणि लेखकाची त्याच्या दोन महिने आधी येते. श्रावण-भाद्रपदात मजकूर संपादकाकडे पोचला, तर तो अंकात येणार. माझ्याकडे चार अंकांची कामं होती, एका पुस्तकाचं भाषांतर अर्ध्यावर होतं, शिवाय दर आठवड्याचं सदर. आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत.

पहिल्या आठवड्यात मला लिहिण्याची आठवणही झाली नाही. दोन हातांच्या जगात एका हाताचं माणूस काय करतं, तेवढंच शिकण्यात दिवस जायचा. डब्याचं झाकण उघडत नाही. भाकरी थापता येत नाही. नारळ खवायला बसावं तर विळी पायानं धरली तरी करवंटी फिरवायला दुसरा हात लागतो. वेणी घालता येत नाही. अंघोळीला प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवायची, तर ती बांधायलाही दुसरं कुणी हवं. गणपतीत उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायला मी बसले नाही, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. रात्री हाताखाली उशी घेऊन उताणं झोपायचं. आत खाज सुटली की जीव कासावीस व्हायचा, पण आत सळई घालायची नाही, जखम झाली तर कळणारही नाही.

बँकेतही अडलं. धनादेशावर डाव्या हातानं केलेली सही जुळेना. हे तुला पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सही करता येत नसलेल्या आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेनं सोय करून ठेवली आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा देता येतो, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. मला ते माहीत नव्हतं. माझ्या अंगठ्याचा ठसा कागदावर उमटला तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल करते. घरी आल्यावर आठवलं की माझी आजी आयुष्यभर अंगठाच देत होती आणि तिनं सांगितलेल्या गोष्टींवर माझी निम्मी पुस्तकं उभी आहेत. त्यानंतर वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात संगणक उघडला. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकते. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं मान्य केलेला, बहुतेक भारतीय लिप्यांना चालणारा. त्याची मांडणी फार विचारानं केलेली आहे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार हे स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या अक्षरात आधी व्यंजन आणि मग स्वर येतो, म्हणून उजवा-डावा, उजवा-डावा अशी बोटं चालत राहतात. तीस वर्षं माझी बोटं त्या लयीत चालली होती. आता व्यंजनांचा हात गेला आणि स्वरांचा उरला.

डाव्या हाताच्या हद्दीत येणारी व्यंजनं मी मोजली. म, न, व आणि शिफ्टची कळ दाबून ण. एवढीच. त्या चारांतून काय लिहिता येतं, ते त्या दुपारी पाहत बसले. मन. मान. नाव. मौन. नमन. मानव. आई हा शब्द येतो, कारण तो नुसत्या स्वरांचा आहे. ‘हात’ येत नाही. ‘कळंब’ येत नाही. शेवटी ‘विनवणी’ हा शब्द जमला आणि मी थांबले. पडद्यावर तेवढा एकच शब्द होता. माझ्या अर्ध्या कळफलकानं मला काय करायचं ते सांगितलं होतं.

डावा हात पलीकडे नेऊन एकेक कळ शोधता येते, हे खरं. तसं चार दिवस केलं. तासाला शंभर-दीडशे शब्द व्हायचे आणि पाचव्या दिवशी डाव्या मनगटाला कळ लागली. डॉक्टर रागावले. एक हात दुखावलेला असताना दुसऱ्यावर दुप्पट काम लादलं, तर दोन्ही जातात. तू रोज आठ-नऊ तास टंकतेस, म्हणून हे तुलाही लागू आहे.

मग बोलून लिहायला सुरुवात केली. गुगलनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये बोललेली मराठी टंकून देण्याची सोय आणली, ती माझ्या फोनमध्ये इतकी वर्षं निजून होती. व्याकरणाच्या पुस्तकातलं मराठी त्याला बरं कळतं. ‘बावखल’ कळत नाही. ‘सुकेळी’, म्हणजे वाळवलेली केळी, म्हटलं की तो ‘सुखी केली’ लिहायचा. वाडवळी बोलीतला एक शब्द उच्चारला की पुढची सगळी ओळ वाकडी जायची. या यंत्रानं आपल्या वसईची बोली पुरती ऐकलेलीच नाही. तुझ्या पिढीनं बावखलांवर, वाड्यांवर, बोलीवर भरपूर लिहिलं आणि बोलून ठेवलं, तर उद्याचं यंत्र ऐकेल. हे काम तुमचं आहे.

माझं अडलेलं काम शेवटी माणसानं सोडवलं. शेजारच्या वाडीत बारावीतली एक मुलगी आहे. तिची आई म्हणाली, रोज संध्याकाळी पाच ते सहा पाठवते. मी सांगायचं, तिनं दुरेघी वहीत लिहायचं आणि मग फोनवर टंकायचं. पानामागे पैसे ठरवले, कारण ते काम होतं. पहिल्या दिवशी मी माझ्या नेहमीच्या सवयीनं वाक्य सुरू केलं. पोटवाक्यात पोटवाक्य, मध्ये कंस, शेवटी क्रियापद. तिनं अर्ध्यावर पेन थांबवलं आणि म्हणाली, “मावशी, सुरुवात काय होती?” मलाही आठवेना.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कागदावर वाक्य डोळ्यांना सांभाळता येतं, कितीही लांबलं तरी वळून मागे बघता येतं. तोंडानं सांगितलेलं वाक्य श्वासाएवढं असावं लागतं, आणि समोरच्याच्या ध्यानात मावावं लागतं. ती मुलगी माझी पहिली वाचक झाली. तिचा चेहरा प्रश्नार्थक झाला की मी वाक्य मोडायची. ‘परिप्रेक्ष्य’ म्हटलं की ती विचारायची, म्हणजे काय? मी अर्थ सांगायची आणि मग लक्षात यायचं की अर्थ म्हणून जे सांगितलं तेच लिहायला हवं होतं. तीस वर्षं जी सफाई संपादकांनाही माझ्याकडून करून घेता आली नाही, ती तिनं सहा आठवड्यांत करून घेतली. हात बरा झाला तरी ती वाक्यं आता मी लांबवणार नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं ते आपलं लेखन कसं? एका रात्री झोप येत नव्हती, तेव्हा मी आपल्याच भाषेकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मराठीच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथाच्या मुळाशी एक सांगणारा आणि एक लिहिणारा आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून ते उतरवून घेत आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. दुसऱ्याचं इतकं लक्ष देऊन ऐकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज गवसला, असं मला वाटतं. आणि आपल्या बहिणाबाई. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या ओव्या रचत गेल्या, मुलानं आणि नात्यातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तक होऊन आली. टिपणारा हात नसता तर आज आपल्याकडे त्यातलं काहीच नसतं.

हे आठवल्यावर मन शांत झालं. मी त्या माणसांच्या जवळपासही नाही, पण वाट तीच आहे. लिहिणं एकट्याचं असतं असं आपल्याला उगीच शिकवलं गेलं आहे. त्या मुलीचं नाव लेखाखाली ‘शब्दांकन’ म्हणून छापावं, असं मी संपादकांना कळवलं. एकानं छापलं. तिनं तो अंक घरातल्या देवांपुढे ठेवला.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. इथे मला तुझ्याशी पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

नोकरीत हात मोडला तर बहुधा रजा मिळते, पगार काही काळ तरी चालतो. मुक्त लेखकाला रजा नसते. ज्या दिवशी लिहिलं नाही, त्या दिवसाचं काही मिळत नाही, आणि लिहिलेल्याचं मानधनही अनेकदा अंक निघाल्यावर, कधी त्याच्याही दोन-तीन महिन्यांनी येतं. म्हणजे श्रावणात मोडलेला हात खरा जाणवतो तो पौष-माघात, जेव्हा खात्यात काही येत नाही. चार दिवाळी अंकांपैकी दोनांचे लेख मी सांगून पुरे केले. एक काम मीच परत केलं. चौथ्या संपादकांनी मला न कळवता ते दुसऱ्याला दिलं. ते मला अंक हातात आल्यावर कळलं. भाषांतराच्या प्रकाशकांनी मात्र दोन महिने मुदत वाढवली आणि न मागता थोडी आगाऊ रक्कम पाठवली. या व्यवसायात दोन्ही तऱ्हेची माणसं तुला भेटतील. मी एक केलं, तू पण कर. पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करून खरं सांगितलं आणि जमणार नाही ती तारीख कुणालाही दिली नाही.

विम्याबद्दल लिहिते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तू घेतलेली असशील, नसशील तर घे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खात्यातून परस्पर कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. पण नीट वाच. तीन महिन्यांत बरं होणाऱ्या मनगटाला त्यातून काही मिळत नाही. आपल्यासारख्यांना उपयोगी पडते ती वैयक्तिक अपघात विम्याची अशी पॉलिसी, जिच्यात तात्पुरतं काम बंद पडल्यास दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. सगळ्या पॉलिसींत हे कलम नसतं. विचारून, कागदावर पाहून घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. आम्हाला केळी आणि फुलं होती म्हणून घर चाललं. तुझ्याकडे वाडी नाही, म्हणून तुला हे कलम हवंच.

पितृपक्षात प्लास्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो मला ओळखू येईना. बारीक, कातडी सुटलेली, मनगट लाकडासारखं. मला वाटलं होतं, प्लास्टर काढलं की दुसऱ्या दिवसापासून लिहायचं. फिजिओथेरपिस्टनं समजावलं की हाड जुळणं आणि हात चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोडलेल्या जागी आधी मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होतो, आणि नंतर कितीतरी महिने शरीर ते हाड घडवत राहतं. गरम मेणात हात बुडवायचा, मऊ चेंडू दाबायचा, ओला पंचा पिळायचा, टेबलाच्या काठावरून पंजा खाली सोडायचा आणि वर उचलायचा. दिवसातून चार वेळा. ज्या दिवशी चिडून जास्त केलं, त्या रात्री मनगट सुजलं.

आमच्याकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. पिकलेलं केळं सोलून उन्हात वाळवायचं, संध्याकाळी आत घ्यायचं, सकाळी पुन्हा उन्हात. आठवडाभर. एकदम जास्त तापवलं तर वरून कडक आणि आतून कच्चं राहतं. हे काम बघत माझा जन्म गेला, तरी मला हे हाताच्या बाबतीत कळायला सुजलेलं मनगट लागलं. रोज थोडं ऊन, रोज थोडी विश्रांती. दुसरा उपाय नाही.

अक्षरही नव्यानं शिकले. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, पानाच्या कडेला सोडायची जागा, एवढ्या बारकाईनं. लहानपणी तो मी पाठ म्हटला होता. आता तो समोर उघडा ठेवून दुरेघी वहीत ‘अ’ गिरवला. शिरोरेषा सरळ यायला अकरा दिवस लागले.

सगळ्यात शेवटी परत आली ती एक साधी हालचाल. तळहात खाली वळवणं लवकर जमलं. टंकायला, पुसायला, पोळी लाटायला तळहात खालीच असतो. तळहात वर करणं जमेना. कोपर अंगाला चिकटवून पंजा आकाशाकडे वळवायचा, बस, एवढंच. अर्ध्यावर जाऊन तो अडायचा. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, बऱ्याच जणांना हीच हालचाल जड जाते. सुट्टे पैसे घ्यायला, ओंजळीनं पाणी प्यायला, प्रसाद घ्यायला ही हालचाल लागते. मी रोज ती करत होते आणि करताना जाणवायचं की हा तर मागण्याचा हात आहे. जन्मभर मी देण्याचा, करण्याचा हात वापरला. मागायचा हात मला आयुष्यात कधी नीट वळवताच आला नव्हता, तो काही पडल्यामुळे अडलेला नव्हता.

परवा निर्मळच्या यात्रेला गेले. इथून जवळच आहे, पण गर्दीत हाताला धक्का लागेल म्हणून ती बारावीची मुलगी बरोबर आली, माझ्या उजव्या बाजूनं चालत. शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन घेतलं. तीर्थ द्यायला पुजारी पुढे झाले, तेव्हा मी सवयीनं डावा हात पुढे केला, मग थांबले आणि उजवा केला. तळहात वर वळला. पुरता नाही, पण पळीभर तीर्थ राहील एवढा. परत येताना यात्रेत सुकेळी घेतली. पुडी उजव्या हातात धरून घरापर्यंत आणली.

तर लेकी, माझं उत्तर असं. लेखनावर जग, पण अजून सहा महिने नोकरी सोडू नकोस. त्या सहा महिन्यांत पुढच्या सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाक. अपघाताची, काम बंद पडल्यास पैसे देणारी पॉलिसी घे. बोलून लिहायची सवय आत्ताच, दोन्ही हात धड असताना लाव. कामाच्या मध्ये दर अर्ध्या तासानं हात सोडव, दुखणारं मनगट अंगावर काढू नकोस. आणि अशी दोन माणसं जोड, ज्यांच्याकडे अडचणीच्या दिवशी तू संकोच न करता हात पसरू शकशील, आणि त्यांच्या अडचणीत त्यांना तुझ्याकडे पसरता येईल. ही सगळी कामं झाली की खुशाल राजीनामा दे. पहिलं मानधन आलं की मला कळव.

उत्तर पाठव. स्वतः लिहिलंस तर अक्षर पाहायला मिळेल. कुणाला सांगून लिहवलंस तरी चालेल, फक्त लिहिणाऱ्याचं नाव खाली घाल.

तुझी,
कळंबची मावशी